विषय: इंग्रजी शिकवण्याचा कोर्स, कुणी केलाय का?

पाठवणार: निशिकासाईतली नवीन सभासद

मराठी मंडळातल्या सर्वांना नमस्कार,

मार्चमध्ये सांगलीहून इकडे टोकियोला आले. तिकडे बी.एड. करून आठ वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. इथे डिपेंडंट व्हिसा आहे, आठवड्याला 28 तास काम करायची परवानगी मिळाली. घराजवळच्या एका एइकाइवात, म्हणजे इंग्रजी संभाषणाच्या खासगी क्लासात, शनिवारी तिसरी-चौथीच्या आठ मुलांचा वर्ग घेते.

मुलं गुणी आहेत, पण तोंड उघडत नाहीत. "समजलं का?" विचारलं की आठही जण "हाय" (जपानीत "हो") म्हणतात आणि पुढच्या शनिवारी काही म्हणजे काही आठवत नसतं. आठ वर्षं शिकवलेल्या बाईला हे जमू नये, याचं फार वाईट वाटतं. मालकीणबाई म्हणाल्या, एखादं 120 तासांचं सर्टिफिकेट आणा, मग तास वाढवून देता येतील. नेटवर तसे कोर्स ढीगभर आहेत. काही शनिवार-रविवारात उरकतात, काहींची फी बघूनच पान बंद केलं. कोणता करावा?

---

पाठवणार: कावासाकीचे एक सभासद

वहिनी, आमच्या हिचा असा स्वस्तातला ऑनलाइन कोर्स झालाय. व्हिडिओ बघायचे, प्रश्न सोडवायचे, सर्टिफिकेट येतं. त्यावर काम मिळालं, हे खरं. वर्गात त्याचा किती उपयोग झाला असं आत्ताच विचारलं, तर उत्तर आलं, "फारसा नाही. मला शिकवताना कुणी बघितलंच नाही." जसंच्या तसं कळवतोय.

---

पाठवणार: योकोहामाची ताई (मुलांच्या ग्रंथालयवाली)

कावासाकीहून आलेलं ते वाक्य फार महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सेल्टा म्हणजे केंब्रिजचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा सर्टिफिकेट कोर्स; त्यात किमान 120 तास असतात. बरेच ऑनलाइन कोर्स हाच आकडा पुढे करतात, त्यामुळे सगळे एका तोलाचे वाटतात. पण सेल्टाचा जीव आहे तो त्यातल्या सहा तासांत. ते सहा तास तुम्ही खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवता, मागे प्रशिक्षक आणि तुमचे सहाध्यायी टिपणं घेत बसलेले असतात, आणि तास संपला की त्यावर चर्चा होते. शिवाय अनुभवी शिक्षकांचे सहा तास बघायचे आणि चार लेखी निबंध. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या अशाच कोर्सलाही सहा तास शिकवणं आहेच. ज्या कोर्समध्ये हे नाही, त्याला मी माहितीचा कोर्स म्हणेन, प्रशिक्षण म्हणणार नाही.

मी सेल्टा केला तेव्हा मला बारा वर्षांचा अनुभव होता. पहिल्या तासानंतर प्रशिक्षकांनी कागद पुढे सरकवला: 40 मिनिटांपैकी 27 मिनिटं मी बोलत होते. मला वाटत होतं, किती छान समजावलं! त्या रात्री झोप लागली नाही. आपल्याकडे चांगला शिक्षक म्हणजे छान समजावणारा, हे लहानपणापासून मनात पक्कं बसलेलं असतं. ते सोडवायला मला तीन आठवडे लागले.

आता तुमच्या "समजलं का?"विषयी. जपानी मूल "नाही" म्हणणार नाही, आणि खरं सांगायचं तर आपण सांगलीतल्या वर्गात तरी कुठे म्हणत होतो? म्हणून तो प्रश्नच सोडून द्यायचा. समजा तुम्ही शिकवलंत, "आय यूज्ड टू लिव्ह इन सांगली." मग विचारायचं: मी आता सांगलीत राहते का? पूर्वी राहत होते का? एकदाच गेले होते, की बरीच वर्षं राहिले? उत्तर एका शब्दाचं, पण समजलंय की नाही ते लगेच कळतं. हे वाक्य तुमच्या मुलांसाठी मोठं आहे, त्यांच्याकडून चित्रांवर बोट ठेवून घ्या. तत्त्व तेच.

आणखी एक, कारण ही शंका पुढेमागे तुमच्या मनात येईलच: "मी इंग्रजी मातृभाषेची नाही, मग मला कोण विचारणार?" काही मालक खरंच तसं तोंडावर म्हणतात. तरी लक्षात घ्या, इंग्रजीतल्या "अ" आणि "द"सारखी उपपदं मराठीत नाहीत, जपानीतही नाहीत. दोन्हीकडे क्रियापद शेवटी येतं. आपण म्हणतो "टेबलावर", तेही "वर" नामाच्या मागून लावतात. मूल कुठे अडखळणार ते आपल्याला आतून माहीत असतं, कारण तिथेच आपणही अडखळलो होतो. उच्चारात मात्र दोघांच्या अडचणी वेगळ्या. त्यांना र आणि ल वेगळे ऐकू येत नाहीत, जोडाक्षरात स्वर घुसतो, "स्ट्राइक"चं "सुतोराइकु" होतं. आपले ट-ड फार कडक पडतात. त्यावर मला कोर्समध्ये रोज काम करावं लागलं.

एक सावधगिरी. सेल्टा मुळात प्रौढांना शिकवण्यासाठी आहे. तुमच्यासमोर नऊ वर्षांची मुलं आहेत. 2020 पासून इथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला 70 तास. तिसरी-चौथीला 35 तास नुसतं ऐकणं-बोलणं, गुण नाहीत. तेव्हा वह्या थोड्या बाजूला ठेवा, वहीत लिहायला लावणं हेही त्या न बोलण्याचं एक कारण असू शकेल. फी आज जड वाटत असेल तर वर्षभर थांबा. पण कुणीतरी तुमचा तास बघितला पाहिजे, हे मात्र थांबवू नका.

---

पाठवणार: चिबाचे काका

माझी धाकटी बहीण नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा ती स्वतः इंग्रजी बोलायला घाबरायची. पुढे इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठीच्या "तेजस" प्रकल्पात आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांचे गट झाले. ठरावीक दिवशी एकत्र बसायचं, एकेकाने वर्गात केलेला एखादा प्रयोग सांगायचा, बाकीच्यांनी तो आपल्या वर्गात करून बघायचा. ती म्हणते, मोठ्या हॉलमधल्या भाषणांपेक्षा तिला त्या बैठकांनी घडवलं.

इथल्या शाळांत तर जुग्यो केन्क्यू, म्हणजे पाठाचा एकत्र अभ्यास, मेइजी काळापासून (एकोणिसाव्या शतकापासून) चालत आलंय. सगळ्यांनी मिळून पाठ आखायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी मागे उभं राहून मुलांकडे बघायचं. चर्चा पाठावर होते, शिक्षकावर नाही. मंडळात इंग्रजी शिकवणाऱ्या निदान सहा-सात जणी आहेत. सर्टिफिकेट ज्याला हवं त्याने घ्यावंच, पण महिन्यातून एक तास एकमेकींचा बघायला काय हरकत आहे? आपली मराठी शाळा भरते तीच खोली दुपारी रिकामी असते. किल्ली माझ्याकडे आहे.

---

पाठवणार: निशिकासाईतली नवीन सभासद

ताई, तुमची मेल तीनदा वाचली. काल वर्गात "समजलं का?" एकदाही विचारलं नाही. फळांची चित्रं भिंतीवर लावली, मी वाक्य म्हणायचं आणि मुलांनी पळत जाऊन योग्य चित्राला हात लावायचा. मागे बसणारी एक मुलगी, जिचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता, ती दुसऱ्या मुलाला म्हणाली, "नो, नो! टू ॲपल्स!" तो अनेकवचनाचा "स" ऐकून मला भरून आलं.

काका, खोली घेऊया. पहिला पाठ माझा. आपल्या मंडळातल्या मुलांना शिकवून उपयोग नाही, त्यांना इंग्रजी येतं, म्हणून शेजारच्या दोन जपानी आयांना विचारलंय, त्या मुलांना पाठवतील. पाठाचा आराखडा गुरुवारपर्यंत लिस्टवर टाकते. ताई, तुम्ही घड्याळ घेऊन बसा आणि माझी मिनिटं मोजा.