घरची जिन: तुमची मापं, तुमच्या युक्त्या (अनुभव धागा)

सायंतारा
आज वाण्याकडे लाइम कॉर्डियलची (लिंबाच्या गोड पाकाची) हिरवी बाटली दिसली आणि जुना जमाना आठवला. तेव्हा घरात जिनचा एकच प्रकार असायचा: एक पेग जिन, बोटभर कॉर्डियल, वर थंड पाणी. मग २०१७ मध्ये ग्रेटर दॅन ही भारतीय जिन आली, मागोमाग हापूसा, स्ट्रेंजर अँड सन्स, जैसलमेर. आता गोव्यातल्या जिनांनीच दुकानातलं एक फडताळ भरतं. बाटल्या बदलल्या, पण घरी ओतायची पद्धत बऱ्याच ठिकाणी तीच आहे. म्हणून हा धागा. आपापली मापं आणि काय बिघडतं, का बिघडतं, ते लिहा.

सुरुवात मी करते. बाटली घेताना आधी लेबल वाचा. 'लंडन ड्राय' म्हणजे लंडनला बनलेली असं नाही. जुनिपर (जिनला तिचा खास वास देणारं फळ), धणे, साली वगैरे सगळा मसाला स्पिरिटसोबत पुन्हा डिस्टिल केलेला असतो, नंतर वरून स्वाद घातलेला नसतो. अगदी स्वस्त जिनमध्ये न्यूट्रल स्पिरिटमध्ये (बिनचवीच्या अल्कोहोलमध्ये) नुसता इसेन्स मिसळलेला असू शकतो. तिचा वास पहिल्या मिनिटाला भपकन येतो आणि टॉनिक (क्विनाइन या कडू पदार्थाचं सोडा-पेय) ओतलं की नाहीसा होतो. नवी बाटली आणली की १५ मिली जिन आणि १५ मिली साधं पाणी, बर्फ न घालता, असं आधी हुंगा आणि चाखा. 'नीट', म्हणजे पाणी न घालता, मारली तर स्पिरिटचा भपकारा बाकी सगळं झाकतो. पाण्यात वास मोकळा होतो आणि जुनिपर पुढे आहे, लिंबूवर्गीय साल पुढे आहे की मसाला, हे लगेच कळतं. मग ठरवा: जुनिपरवाली मार्टिनी आणि निग्रोनीसारख्या कॉकटेलना, सालवाली टॉनिक आणि कॉलिन्सला, मसालेदार असेल तर नुसता सोडा आणि संत्र्याची साल.

निवांत_नाशिक
वाखूसा (वाचनखूण साठवली). सविस्तर संध्याकाळी लिहितो, आत्ता कुकर लावलाय.

बर्फवाला_ठाणे
बाटलीवर दोन हजार घालतात आणि बर्फ फ्रीजच्या त्याच ट्रेमधला, शेजारी बोंबील. बर्फ वास ओढून घेतो हो. ट्रेला झाकण हवं, नाहीतर गोठला की लगेच काढून झिपच्या पिशवीत भरायचा.

दुसरं म्हणजे आकार. छोटे तुकडे भराभर विरघळतात, कारण तेवढ्याच बर्फाचा जास्त पृष्ठभाग पेयाला लागतो. टॉनिकच्या ग्लासात बर्फ कमी घालणं ही सगळ्यात मोठी चूक. लोकांना वाटतं कमी बर्फ म्हणजे कमी पाणी. होतं उलटं: दोनच तुकडे असले की पेय थंड होत नाही आणि ते दोन्ही वितळून जातात. ग्लास काठापर्यंत भरा.

स्वच्छ काचेसारखा बर्फ हवा असेल तर पाणी उकळून फारसा फरक पडत नाही. छोटा थर्माकोलचा डबा किंवा जाड भिंतीचा आइसबॉक्स घ्या, वरून उघडा ठेवून पाणी भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. थंडी फक्त वरून लागते, बर्फ वरून खाली गोठत जातो आणि हवा नि क्षार खाली ढकलले जातात. साधारण १८ ते २४ तासांनी, तळाला थोडं पाणी असतानाच काढायचा. पाच मिनिटं बाहेर राहू द्या, मग करवतीच्या सुरीने खाच पाडून वर लाटण्याचा हलका ठोका द्या. फ्रीझरमधून काढल्या काढल्या ठोकलात तर वेडावाकडा तडकतो.

अळूवडी
बोंबील +१ 😄 आमच्याकडे आंबोळीचं पीठ असतं शेजारी.

मीठमिरची
मला लिंबाबद्दल लिहायचंय, कारण सगळं गणित तिथेच चुकतं. इंग्रजी पाककृतीत 'लेमन' ३० मिली लिहिलेलं असतं, ते जाड सालीचं पिवळं मोठं फळ. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट आणि उग्र वासाचं. तिथे ३० मिली घातलं की जिन गेलीच, मग लोक साखर वाढवतात आणि सरबत होतं. ३० च्या जागी २० घ्या.

टॉम कॉलिन्स, आपल्या लिंबाने: जिन ४५ मिली, लिंबाचा रस २०, साखरेचा पाक २०, थंड सोडा ९०. पाक म्हणजे साखर आणि पाणी समान वजनाने, गॅसवर फक्त विरघळेपर्यंत. तारेवर न्यायचा नाही. फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. दोन भाग साखर, एक भाग पाणी केलात तर जास्त टिकतो, पण मग २० च्या जागी १४ मिली पुरतो.

पिळताना लिंबू चिमटून चिमटून शेवटचा थेंब काढू नका. सालीचा आणि पांढऱ्या भागाचा कडवटपणा रसात उतरतो. बिया पडल्या तर लगेच गाळा. पाहुणे आठला येणार असतील तर रस सहाला काढा, सकाळी नाही.

सायंतारा
@मीठमिरची, हेच हवं होतं. गिमलेटचं (जिन-कॉर्डियलच्या कॉकटेलचं) कॉर्डियल घरी करता का तुम्ही? बाटलीतलं फार गोड लागतं आता.

मीठमिरची
करते ना. पंधरा-सोळा कागदी लिंबं आणायची, २०० मिली रस निघतो. त्यातल्या सहांची साल आधी बारीक किसणीने किसायची, हिरवा-पिवळा थर तेवढाच. पांढरं लागलं की कॉर्डियल कडू. १५० ग्रॅम साखरेत तो कीस बोटांनी चोळायचा आणि झाकून तीन-चार तास ठेवायचा. साखर ओलसर दिसायला लागते, सालीतलं तेल बाहेर आलेलं असतं. मग रस घालून ढवळायचं, गॅसवर अजिबात ठेवायचं नाही, नाहीतर शिजलेल्या लिंबाचा वास येतो. गाळून काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये, आठवडाभरात संपवा.

गिमलेट: जिन ६०, कॉर्डियल ३०, बर्फासोबत शेकरमध्ये दहा-बारा सेकंद जोरात. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची मोठी बरणी चालते. स्टीलच्या डब्याला रबरी कड असेल तरच वापरा, नाहीतर भिंतीला अभिषेक.

दर्यावर्दी
रस असेल तर शेक, नसेल तर ढवळ, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. निग्रोनी हलवली की हवा भरून गढूळ आणि पातळ होते. जिन ३०, कँपारी (कडू लाल लिकर) ३०, गोड व्हर्मूथ ३०, बर्फात लांब चमच्याने २०-२५ सेकंद, मग मोठ्या तुकड्यावर गाळा.

साल मात्र नागपुरी संत्र्याची घ्या. सैल असते, त्यामुळे पांढरं फारसं न येता रुंद पट्टी निघते. रंगीत बाजू पेयाकडे धरून पट्टी दुमडा, तेलाचा बारीक फवारा पृष्ठभागावर पडलेला उजेडात दिसतो. आंबिया बहार दिवाळीच्या आसपास येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे जवळजवळ अर्धं वर्ष सोय. मेण लावलेलं फळ असेल तर कोमट पाण्याने घासून घ्या.

काठावरचा
मृग बहाराचं फळ गोडीला जास्त चांगलं, आंबिया थोडा आंबट. बाकी चालू द्या.

दर्यावर्दी
@काठावरचा, खायला मृग, मान्य! सालीचं तेल दोन्हीत भरपूर.

आणि हो, व्हर्मूथ ही वाईन आहे. उघडी बाटली शोकेसमध्ये सहा महिने ठेवली की तिचा वास शिळ्या सुक्यामेव्यासारखा होतो आणि दोष जिनला मिळतो. उघडल्यावर फ्रीजमध्ये, महिना-दीड महिन्यात संपवा. लहान बाटली मिळाली तर तीच घ्या. कँपारी बाहेर राहिली तरी चालते, त्यात साखर आणि अल्कोहोल दोन्ही पुरेसे आहेत.

फ्रीमाँटकर
अमेरिकेतल्यांसाठी एक. इथे टँकरे ४७.३ टक्के आणि बाँबे सफायर ४७ टक्के मिळते, भारतात बहुतेक जिन ४२.८ टक्के. तेच माप इथे ओतलंत तर कडक होतं. ६० च्या जागी ५५ घ्या. लिंबू: दुकानात 'लाइम' म्हणून मिळतं ते पर्शियन, बी नसतं. मीठमिरचींच्या मापात २२ मिली करा. कागदीची चव हवी असेल तर मेक्सिकन दुकानात 'की लाइम' नावाच्या लिंबांची जाळीची पिशवी असते, ती आपल्या लिंबाच्या जवळची.

गोड_नको
शुगर आहे. टॉनिक चालेल का? बाकीचे सल्ले वाचतोय, छान धागा.

डॉक्टरीणबाई
@गोड_नको, टॉनिक कडू लागतं म्हणून लोकांना त्यात साखर नाही असं वाटतं. नेहमीच्या टॉनिकच्या लेबलवर १०० मिलीला साधारण ८-९ ग्रॅम साखर दिसेल, म्हणजे २०० मिलीच्या बाटलीत १६-१८ ग्रॅम. डाएट टॉनिक घ्या, किंवा पाऊण सोडा, पाव टॉनिक. पण इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी अल्कोहोलने शुगर एकदम खाली जाऊ शकते. आधी जेवा आणि तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल, गरोदरपण असेल, क्विनाइनची ॲलर्जी असेल तर टॉनिक नकोच, जिनशिवाय सुद्धा.

आणखी एक हिशोब. ३० मिली, ४२.८ टक्के, म्हणजे सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल. वरची एक निग्रोनी जवळपास २० ग्रॅम होते. ग्लास एक दिसतो, पेग दोन असतात. गाडी घेऊन आलेल्याला हे ओतायच्या आधी सांगा.

गोड_नको
मनापासून आभार डॉक्टर. सोडा जास्त करतो.

निवांत_नाशिक
आलो. जिन-टॉनिकचं माप कुणी दिलंच नाही! जिन ५०, टॉनिक १५०. कडक आवडत असेल तर १००. मोठ्या बाटलीपेक्षा २०० मिलीची बाटली घ्या, उघडली की संपते. मोठी दुसऱ्या दिवशी मेलेली असते. टॉनिक रात्रभर फ्रीजमध्ये हवं: गार द्रवात गॅस टिकतो, कोमट टॉनिक बर्फावर पडलं की फसफसून रिकामं होतं. आधी बर्फ, मग जिन, मग ग्लास तिरका धरून कडेने टॉनिक. चमचा एकदाच तळापासून वर. लिंबू पिळू नका, साल चोळून टाका. टॉनिकमध्ये आंबटपणा आधीच असतो.

अळूवडी
टॉनिक अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळं चमकतं, क्विनाइनमुळे. मुलांच्या विज्ञान प्रदर्शनाला नुसतं टॉनिक नेऊन बघा, गर्दी हटत नाही.

कातळसडा
कोकणातून. कोकम घालताना आगळ आणि अमृत कोकम यात गोंधळ करू नका. आगळात मीठ असतं, एक चमचा जास्त झाला की सोलकढीच. जिन ४५, अमृत कोकम २०, लिंबू ५, सोडा १२०. काठाला मीठ हवं असेल तर भाजलेल्या जिऱ्याची पूड मिसळा.

मे महिन्यात करवंदाची जिन घाला. पूर्ण काळी पिकलेली २५० ग्रॅम, देठ काढून, चीक जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांनी धुवून, कोरडी करून रात्रभर फ्रीझरमध्ये. गोठून साल फाटते, टोचत बसावं लागत नाही. बरणीत ५०० मिली जिन आणि ६० ग्रॅम साखर, रोज एकदा हलवायची, चार आठवडे अंधारात. मग मलमलच्या फडक्यातून गाळून चव घ्या आणि लागली तर साखर वाढवा. सुरुवातीलाच १०० घातली की मागे येता येत नाही. फळ वर तरंगून कोरडं राहू देऊ नका. जांभळाची करायची तर बी काढून आणि पाच-सहा दिवसच, पुढे तुरटपणा जिभेला आवळतो.

हिरवी मिरची उभी चिरून १८० मिली जिनमध्ये: पंधरा मिनिटं, दर पाच मिनिटांनी चाखत. रात्रभर ठेवू नका. अल्कोहोल तिखट फार लवकर ओढतं.

सायंतारा
करवंदाची कृती उतरवून घेतली. गोकर्णाच्या फुलांचा निळा रंग कुणी करतं का?

कातळसडा
सुकलेली ५-६ फुलं १०० मिली जिनमध्ये तासभर. लिंबू पडताच जांभळा-गुलाबी होतो, म्हणून रस सगळ्यांसमोर शेवटी घाला. चव जवळजवळ नसते, नुसता रंग.

गोंयकार
गोव्यात बाटली स्वस्त, पण महाराष्ट्रात परवान्याशिवाय नेणं गुन्हा आहे, सीमेवर तपासणी असते. आणि महाराष्ट्रात स्पिरिटसाठी वय २५, पिण्याचा परवाना वेगळा. बाहेरदेशातून येताना ड्युटीफ्री दोन लिटरपर्यंत.

बर्फवाला_ठाणे
गर्दीसाठी मार्टिनी आधीच करून ठेवता येते. जिन ५००, ड्राय व्हर्मूथ १००, पाणी ८०, सगळं बाटलीत, फ्रीझरमध्ये रात्रभर. पाणी हवंच, कारण ढवळताना बर्फाचं जे पाणी मिसळतं ते इथे मिसळणार नाही. पण ८० च्या फार वर नेलंत तर उणे १८ अंशाला पेयात बर्फाचे कण धरतात. बाटली काठोकाठ भरू नका. ग्लासही फ्रीझरमध्ये, आणि एका वेळी ६०-७० मिलीच ओता. मोठा ग्लास अर्ध्यावर येईपर्यंत कोमट होतो.

काठावरचा
सोबत चकणा काय? शेंगदाणे सोडून सांगा.

अळूवडी
मार्टिनीला खारवलेले काजू. टॉनिकला काकडीच्या चकत्या, वर लिंबू-मीठ-मिरपूड. निग्रोनीला मात्र बाकरवडी घेऊन बघा, आंबटगोड सारण कडवटपणाला छान तोलतं.

काठावरचा
बाकरवडी! शनिवारी बघतो. संत्री आहेतच घरात.