व्हीआयएऐवजी एचपीव्ही चाचणी आणायची असल्यास सुरुवात कोठून करावी?

प्रश्न

सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेतील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचे नियोजन माझ्याकडे आहे. आजवर आम्ही व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पांढरे पडणारे भाग डोळ्यांनी तपासण्याची पद्धत, वापरत आलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही डीएनए चाचणीला, म्हणजे हा कर्करोग घडवू शकणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा डीएनए नमुन्यात शोधणाऱ्या चाचणीला, पसंती दिल्यामुळे आता बदलाची चर्चा सुरू आहे. मात्र व्हीआयएचा निकाल तिथल्या तिथे कळतो, तर या चाचणीत नमुना बहुधा प्रयोगशाळेत जातो आणि बाई घरी परतते. हा बदल हिताचा ठरेल का?

उत्तर : स्त्रीरोगतज्ज्ञ

निश्चित ठरेल. व्हीआयएचा निकाल तपासणाऱ्याच्या नजरेवर आणि सरावावर अवलंबून असतो, त्यामुळे एकाच स्त्रीबद्दल दोघांचे मत वेगळे पडू शकते. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील सुमारे १,३१,००० स्त्रियांची चार गटांत विभागणी करून झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू, नेहमीची सेवा मिळालेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्म्यावर आले. व्हीआयए आणि पॅप स्मीअर (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) यांच्या गटांत तशी ठळक घट दिसली नाही. शिवाय तिशीनंतर एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आली, तर सर्वसाधारणपणे पाच ते दहा वर्षे पुन्हा तपासावे लागत नाही. एचआयव्हीबाधित स्त्रियांची तपासणी मात्र पंचविशीपासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी व्हावी.

उत्तर : प्रयोगशाळा तंत्रज्ञ

नवी यंत्रे घेण्यापूर्वी क्षयरोग आणि एचआयव्हीच्या चाचण्यांसाठी असलेली यंत्रे दिवसातून किती वेळ रिकामी असतात, ते पाहावे. त्यांपैकी काहींवर एचपीव्ही चाचणीही होते. स्त्रीने स्वतः घेतलेला योनीतील नमुनाही चालतो आणि पीसीआरवर (विषाणूच्या डीएनएच्या असंख्य प्रती करून तो ओळखण्याच्या तंत्रावर) आधारित चाचण्यांत त्याची अचूकता डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास असते. तपासणीच्या संकोचाने न येणाऱ्या स्त्रियांसाठी ही सोय मला फार मोलाची वाटते.

उत्तर : परिचारिका, तपासणी कार्यक्रम

तुमची शंका रास्त आहे, कारण कार्यक्रम ढासळतो तो निकाल आल्यानंतर. नमुना घेतानाच पुढच्या भेटीची तारीख ठरवावी आणि नोंदवलेला फोन तिचा स्वतःचा आहे की घरातल्या दुसऱ्या कोणाचा, हे विचारून घ्यावे. दुसऱ्याचा असेल, तर निकाल फोनवर सांगू नये. हा विषाणू लैंगिक संपर्कातून पसरतो एवढेच ऐकले, की संशय, भीती आणि शरम यांपायी बाई परत येत नाही. म्हणून तिला समोर बसवून सांगावे, की पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसे होतात आणि तो कधी व कोणाकडून झाला, हे चाचणीवरून कळत नाही.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्यांवर थेट उपचार करावेत का?

उत्तर : स्त्रीरोगतज्ज्ञ

दोन्ही मार्ग मान्य आहेत : थेट उपचार, किंवा आधी व्हीआयए, कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून मोठे करून पाहणे) वा एचपीव्हीच्या १६ आणि १८ या अधिक धोकादायक प्रकारांची चाचणी करून मग उपचार. जिथे बाई पुन्हा येईल याची खात्री नाही, तिथे मी पहिला मार्ग निवडेन. मात्र आधी गर्भाशयमुख नीट पाहून थर्मल ॲब्लेशन, म्हणजे उष्णतेने बाधित भाग नष्ट करण्याचा उपचार, योग्य आहे ना आणि कर्करोगाचा संशय नाही ना, हे ठरवलेच पाहिजे. त्याचे उपकरण हाती धरण्याजोगे असून उपचार काही मिनिटांत होतो. तेवढी सोय आणि मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था ज्या केंद्रांत आहे, तिथूनच सुरुवात करा.