मदत हवी आहे: क्लॉट निघाला, तरी एन२० येत नाही

कॅथलॅब_तंत्रज्ञ:
स्ट्रोकच्या केसमध्ये मेंदूच्या धमनीतला क्लॉट काढताना एसएसईपी लावतो, म्हणजे मनगटाच्या नसेला करंट देऊन मेंदूवर उमटणारी लाट (एन२०) बघतो. क्लॉट निघतो, अँजिओत रक्त नीट वाहताना दिसतं, सर विचारतात "सिग्नल आला का?" आणि स्क्रीनवर सपाट रेघ. लाट निम्म्याने घटली तर धोका, हा ५०% घटीचा नियम इथे लावायचा तरी कसा? कधीही पुढची केस येईल, लवकर सांगा.

सुई_धागा:
क्लॉट कुठल्या बाजूला? कुठला हात? पूर्ण भूल की नुसती गुंगी?

कॅथलॅब_तंत्रज्ञ:
डावी एमसीए (मेंदूची मधली धमनी), म्हणजे उजवा हातच की. मनगटावर मीडियन नर्व्ह. पूर्ण भूल.

मणकेवाला:
एसएसईपी सोडा, एमईपी लावा, म्हणजे मेंदूला झटका देऊन स्नायूंचा प्रतिसाद बघा. हालचालीचा मार्ग थेट कळतो. आम्ही मणक्याच्या ऑपरेशनला लावतोच.

सुई_धागा:
एमईपीच्या झटक्याने पेशंट हलतो. मेंदूच्या धमनीत तार असताना हे परवडेल?

मणकेवाला:
आधी सांगून, डॉक्टर थांबले की द्यायचा. आणि स्नायू सैल करणारं रिलॅक्संट किती दिलंय? त्यावर सगळं आहे.

भूलतज्ज्ञ_मी:
भुलीचा गॅस चालू आहे का? सेव्होफ्लुरेन जास्त असेल तर कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा) सिग्नल दबतो, शिरेतून दिलेल्या प्रोपोफॉलवर बरा मिळतो. माझं मत विचाराल तर पूर्ण भूल नकोच. पेशंटला हात उचलायला सांगा, तेच खरं मॉनिटरिंग.

सुई_धागा:
डाव्या एमसीएच्या पेशंटला अनेकदा बोललेलं कळतच नाही, हात उचलायला सांगणार कसं? आणि हायडलबर्गच्या सिएस्टा अभ्यासात (२०१६) २४ तासांनंतरच्या सुधारणेत भूल आणि गुंगी यांत फरक दिसला नव्हता.

गोदाकाठ:
माझ्या मेव्हण्यांना सहा तास उलटले म्हणून परत पाठवलं. हे बरोबर होतं का?

भूलतज्ज्ञ_मी:
दादा, स्कॅन न बघता कसं सांगू? २०१८च्या डॉन आणि डिफ्यूज-३ अभ्यासांनंतर, वाचवण्याजोगा भाग शिल्लक दिसला तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत क्लॉट काढतात. आता कसे आहेत ते?

कॅथलॅब_तंत्रज्ञ:
कृपया माझ्या प्रश्नाचं बघा. सेव्होफ्लुरेनच असतं. एर्ब पॉइंटला (कॉलरबोनच्या वर) इलेक्ट्रोड लावत नाही, तेवढा वेळच देत नाहीत.

सुई_धागा:
मग सपाट रेघेचा अर्थ लागणार कसा? एर्बला एन९ (तिथली लाट) आला तर मनगटापासून खांद्यापर्यंत नस आणि करंट ठीक. डाव्या हाताचा एन२० उजव्या मेंदूवर आला तर भूल आड येत नाहीये. दोन्ही असूनही उजव्या हाताचा आला नाही, तरच दोष डाव्या मेंदूकडे जाणाऱ्या वाटेत किंवा कॉर्टेक्समध्ये. ५०% चा नियम चांगली बेसलाइन (सुरुवातीची नोंद) असते तिथला, मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या ऑपरेशनसारखा. इथे तुम्ही तारा लावता तेव्हा इजा होऊन गेलेली असते, म्हणून तुलना दुसऱ्या बाजूशी करा. मोठी धमनी उघडली तरी बारीक रक्तवाहिन्यांत रक्त पोचतंच असं नाही, आणि पेशी आधीच मेल्या असतील तर लाट येणार कुठून? उलट एन२० आला म्हणून वाचा परत येईल, असंही नातेवाइकांना सांगू नका. तो फक्त संवेदनेचा मार्ग आहे.

कॅथलॅब_तंत्रज्ञ:
डाव्या हाताचा चॅनल आहे, पण बंद ठेवतो. पुढच्या केसला चालू करतो, एर्बही लावतो. तारा अँजिओच्या चित्रात येतात म्हणून सर ओरडतात, त्याचं काय?

सुई_धागा:
एक्स-रे ट्यूब फिरवून घ्या, दिसतात त्या तारा कानामागून खाली सोडा. हे पेशंट टेबलवर येण्याआधी ठरवा.

मणकेवाला:
रिलॅक्संटचं अजून सांगितलं नाहीत.