गेज बदलला की संवेग बदलतो, मग खरा कोणता?

एकसमान विद्युतक्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनचा संवेग एका गेजमध्ये (गेज म्हणजे तेच क्षेत्र विभवांतून लिहिण्याची एक निवड) अक्षय्य राहतो आणि दुसऱ्यात राहत नाही, मग गेज निश्चलता, म्हणजे कोणताही गेज घेतला तरी मोजलेले उत्तर तेच येणे, कुठे गेली, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते गोंधळ 'संवेग' या एका शब्दात आहे.

क्षेत्र अदिश विभवातून लिहिले, तर हॅमिल्टोनियनमध्ये (ऊर्जेच्या सूत्रात) स्थानावर अवलंबून असलेले पद येते आणि संवेग बदलत जातो. तेच क्षेत्र काळाबरोबर वाढणाऱ्या सदिश विभवातून लिहिले, तर स्थान हॅमिल्टोनियनमधून नाहीसे होते आणि कॅनॉनिकल संवेग (हॅमिल्टोनियनमध्ये स्थानाच्या जोडीने येणारा संवेग) जिथल्या तिथे राहतो. पण इलेक्ट्रॉन दोन्हीकडे तितकाच वेग घेतो! कारण मोजता येणारी राशी वेग आहे, आणि वस्तुमान गुणिले वेग म्हणजे कॅनॉनिकल संवेग वजा प्रभार गुणिले सदिश विभव. दुसऱ्या गेजमध्ये सगळे त्वरण या वजा केलेल्या पदात असते. दोन्ही गेजमधल्या तरंगफलनांत (इलेक्ट्रॉनची अवस्था सांगणाऱ्या फलनांत) फरक फक्त कलेचा (फेजचा), पण ती कला स्थान आणि काळ दोन्हींवर अवलंबून असते, हे विसरून चालत नाही.

खरी अडचण अणूंच्या संक्रमणात, म्हणजे एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर जाण्यात, येते. क्षेत्र चालू असताना 'अणू २एस अवस्थेत (एका ठरावीक ऊर्जापातळीवर) आहे' असे म्हणून जुनीच, क्षेत्रविरहित तरंगफलने वापरली, तर उत्तर गेजनुसार बदलते. भौतिकशास्त्रज्ञ विलिस लॅम्ब यांना १९५२ मध्ये हायड्रोजनच्या सूक्ष्म संरचनेवर (ऊर्जापातळ्यांमधल्या बारीक फरकांवर) काम करताना हेच जाणवले: त्या तरंगफलनांचा नेहमीचा अर्थ लावायचा, तर विद्युतक्षेत्र आणि स्थान यांच्या गुणाकाराचे रूपच, म्हणजे पहिला, अदिश विभवाचा गेजच, घ्यावा लागतो. दुसरा गेज चुकीचा नाही. तिथे अवस्थाही त्याच कलेने बदलून घ्याव्या लागतात.