कॅटामरान पूर्ण पालथी होऊ नये म्हणून डोलकाठीला काय लावता?

खारावारा: नमस्कार मंडळी. मी आणि बायको रविवारी गिरगाव चौपाटीवरून जुनी हॉबी 16 काढतो, म्हणजे दोन हल (होडीची लांबट तरंगती अंगं) असलेली शिडाची छोटी कॅटामरान. लागोपाठ दोन रविवार कलंडलो. नुसती कलंडली असती तर चाललं असतं, पण बघता बघता डोलकाठी खाली आणि होडी कासवासारखी पालथी. पहिल्या वेळी मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडकडे (किनाऱ्यावरचे काँक्रीटचे ठोकळे) वाहत निघालो, दुसऱ्या वेळी काठीचं टोक चिखलात रुतलं. टोकाला फ्लोट लावावा म्हणतो. घरगुती जमेल का?

उलांडीवाला: फ्लोट नंतर. आधी काठीत पाणी शिरतं का बघा. आठ मीटरची पोकळ अ‍ॅल्युमिनियमची काठी हवाबंद असेल तर स्वतःच तरंगते. जुनी झाली की रिवेट आणि टोकांची बुचं गळतात. काठी उतरवताना आत खळखळ ऐकू येते का? साबणाचं पाणी फासून उन्हात ठेवा. आतली हवा तापली की बुडबुडे येतील, तिथे सिलिकॉन भरा.

रेवसचा_राजू: आम्ही दोन लिटरच्या दोन बाटल्या बांधल्या होत्या. फुकटात काम.

उलांडीवाला: राजूभाऊ, चार लिटर म्हणजे जेमतेम चार किलोची उचल. टोकाला तरफ मोठी मिळते हे खरं, पण दोन हलमध्ये ताणलेलं बसायचं कापड, म्हणजे ट्रॅम्पोलिन, कलंडल्यावर उभं राहतं; त्यावर वारा भरला की त्यापुढे बाटल्या काय करणार? 25-30 लिटरचा पक्का फ्लोट घ्या. शर्यतवाल्यांना वरचं वजन खुपतं, खुपू दे. चौपाटीजवळ पाण्याची खोली काठीपेक्षा कमी. पालथी झाली की टोक चिखलातच जाणार. आणि रुतली तर जोर लावून फिरवू नका, काठी वाकते.

तांडेलीण: सामान लावाल, पण कलंडताना तुम्ही दोघं काय करता? वरच्या हलला लोंबकळत असाल किंवा शिडावर पडत असाल तर काठी तुम्हीच खाली दाबताय. पाण्यात उतरा, मेन (मोठं शीड) आणि जिब (पुढचं छोटं शीड) दोन्हींच्या शीट, म्हणजे ओढायचे दोर, सोडा. मग खालच्या हलवर चढून पुढे सरका. नाक दबलं की होडी वाऱ्याकडे तोंड करते. तेव्हाच होडी सरळ करायचा दोर धरून मागे झुका, उशीर नको. होडी वर येताना ती दुसऱ्या बाजूला उलटू नये म्हणून एकाने पुढच्या आडव्या बीमखालची सळई धरून ठेवायची. दोघांचं वजन मिळून किती? साधारण 130 किलो लागतं.

खारावारा: 118. आणि हो, बायको वरच्या हलला लोंबकळते. (ती म्हणते, मीच लोंबकळतो.)

तांडेलीण: मग दोराला पाण्याने भरायची पिशवी अडकवा. मी तशीच वापरते.

खारावारा: आज साबण फासला. काठीच्या मधल्या रिवेटांतून बुडबुडेच बुडबुडे, आणि बूड उघडल्यावर पाऊण बादली पाणी! सिलिकॉन भरलंय, फ्लोटही मागवतोय. बायकोची एकच अट, रंग भगवा नको, लांबून बोया समजून कोणीतरी होडी बांधायला येईल.