समाजसेवा पदवीसाठी सक्तीची करावी का?

बांधकरी:
महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजना आजही ऐच्छिक आहे. ज्याला हौस आहे तो दोन वर्षांत समाजसेवेचे २४० तास भरतो आणि सात दिवसांच्या शिबिराला जातो. बाकीच्यांचा खेड्याशी संबंध हुरडा खाण्यापुरताच उरतो. माझ्या मते हे तास प्रत्येकाला सक्तीचे असावेत, कारण ज्यांना या अनुभवाची खरी गरज आहे तीच मुले ऐच्छिक उपक्रमापासून चार हात दूर राहतात. कल्पना माझी नव्हे. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे पदवी-प्रवेशाआधी राष्ट्रीय सेवा सक्तीची करण्याचाच विषय होता. शिवाय राज्यघटनेच्या ज्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली, त्यानेच सार्वजनिक प्रयोजनासाठी, धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव न करता, सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला दिली आहे.

वाटसरू:
इतिहास अर्धाच सांगितलात. पुढे शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयिदैन यांनी इतर देशांतील योजना अभ्यासून सेवा ऐच्छिक ठेवण्याची शिफारस केली, आणि १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झालेली योजना त्याच वाटेने गेली. सक्तीचे काय होते ते मी श्रेयांकांसाठी काढलेल्या एका उपक्रमात पाहिले आहे. ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. फलक धरून छायाचित्र निघाले, हजेरीपटावर सह्या झाल्या, आणि त्यानंतर चाळीसपैकी जेमतेम आठ मुले फावडी-घमेली घेऊन उरली. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरली खरी, पण त्यांची तोंडे कोणी शिवलीच नाहीत, आणि बंधारा पंधरा दिवसही टिकला नाही. याउलट बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत तिथल्या मे महिन्यातल्या उन्हात मुले आपणहून राबायला येतात.

निवृत्त कार्यक्रम अधिकारी:
मी अनेक वर्षे शिबिरे घेतली, म्हणून थोडे कबूलही करतो. एका गावात एक आजी मला म्हणाल्या, “तुमची पोरं दरवर्षी देवळापुढचा रस्ता झाडतात, पण तो आम्ही आदल्या दिवशीच झाडून ठेवलेला असतो.” त्यांना हवे होते निराधार योजनेचे अर्ज भरून देणारे कोणीतरी. तिघी विद्यार्थिनींनी दोन दिवस बसून ते काम केले. अहवालात मात्र ते एका ओळीतच आले, कारण त्याचे छायाचित्र चांगले निघत नाही. सक्ती करायचीच असेल तर आधी महाविद्यालयांवर करा: ग्रामसभा सांगेल तेच काम हाती घ्यायचे.

बांधकरी:
ग्रामसभेची अट मला पूर्ण मान्य आहे. पण वाटसरू, तुमचा बंधारा सक्तीमुळे नव्हे, तर गोणी कशी शिवायची हे कोणी न दाखवल्यामुळे गेला. आणि ऐच्छिक योजनेत तरी वाढीव गुणांच्या आशेने येणारे काय थोडे असतात?

वाटसरू:
असतात, पण ते आपल्या सवडीने येतात. रात्री घरोघरी जेवणाचे डबे पोहोचवून स्वतःचे शुल्क भरणाऱ्या मुलाला वर्षाचे १२० तास सक्तीचे केलेत, तर तितकी रोजी बुडेल ती कोण भरून देणार? त्याला सूट देऊ म्हणाल, तर सूट मिळावी म्हणून दाखले मिळवणाऱ्यांची रांग लागेल, आणि ज्याची कुठे ओळख नाही असा तोच मुलगा शेवटी घमेले उचलत असेल.