‘स्वतंत्र’ घटना आणि ‘परस्पर अपवर्जी’ घटना

प्रश्न : संभाव्यतेच्या धड्यात हे दोन्ही शब्द येतात. दोन घटना एकत्र घडतच नसतील, तर त्यांचा एकमेकींशी संबंध नाही असंच ना? मग दोन शब्द कशाला?

– नाही हो, नेमकं उलट. अपवर्जन म्हणजे वगळणं. एकीने दुसरीला वगळलं म्हणजे संबंध तुटला नाही, चांगलाच जडला! ५२ पत्त्यांतून एक पत्ता काढला आणि तो राजा आहे एवढं कळलं, की एक्का असण्याची संभाव्यता १/१३ वरून थेट शून्यावर येते. राजा आणि एक्का अपवर्जी आहेत, स्वतंत्र मुळीच नाहीत. आता राजा आणि बदाम घ्या. पत्ता बदामाचा आहे असं कळलं, तरी तो राजा असण्याची संभाव्यता १/१३. आधीही ४/५२, म्हणजे तेवढीच होती. एकीची बातमी कळून दुसरीची संभाव्यता बदलत नाही, म्हणून या दोन स्वतंत्र. शिवाय बदामराजा नावाचा पत्ता आहेच, त्यामुळे अपवर्जी नाहीत.

प्रश्न : बरं. मग ‘राजा किंवा बदाम’ म्हणजे ४ + १३, १७ पत्ते?

– १६. बदामराजा दोनदा मोजलात. ‘आज किंवा उद्या येतो’ म्हटलं की दोन्ही दिवस येणार नाही, हे ऐकणारा धरूनच चालतो. गणितातला ‘किंवा’ मात्र दोन्हींनाही पोटात घेतो. संभाव्यतांची सरळ बेरीज चालते ती अपवर्जी घटनांना, सरळ गुणाकार स्वतंत्र घटनांना. दोन शब्द लागतात ते म्हणून.

– यात ‘किमान एक’ची भर घालतो, कारण सगळे अडखळतात तिथेच. फासा ४ वेळा टाकला. किमान एकदा ६ पडण्याची संभाव्यता किती? १/६ची चौपट करून २/३ सांगणारे पुष्कळ. त्या हिशेबाने ७ वेळा टाकल्यावर उत्तर १ च्या वर जाईल! ६ दोनदाही पडू शकतो, म्हणून बेरीज नको. एकदाही न पडण्याची संभाव्यता ५/६ चा चौथा घात, ६२५/१२९६. ती १ मधून वजा केली की ६७१/१२९६, साधारण ०.५१८. दोन फाशांच्या शक्यता ३६; ६ ला ४ तसे ३६ ला २४, म्हणून दोन फासे २४ वेळा टाकून किमान एकदा दोन्हींवर ६ पडण्याची संभाव्यताही तेवढीच वाटते, ती मात्र सुमारे ०.४९१ भरते. फ्रेंच गणितज्ञ पास्कालने १६५४ मध्ये दुसरा गणितज्ञ फर्मा याला लिहिलेल्या पत्रात द मेरे या जुगाराची आवड असलेल्या गृहस्थाची हीच अडचण आहे.

प्रश्न : एकाच वेळी स्वतंत्रही आणि अपवर्जीही, अशी जोडी असते का?

– एकीची संभाव्यता शून्य असेल तरच. नेहमीच्या फाशावर ७ पडणं आणि सम संख्या पडणं, ही घ्या.